सज्ज्यावरची सहा संत्री

२४ एप्रिल, गुरुवार

अंकुरचा फोन आला. "आई, आता काही दिवस फोन लागणार नाही. फिकर करू नको." काही दिवस म्हणजे किती, असं मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा उत्तर तेच, "काही दिवस." लढाऊ विमान चालवणाऱ्या माणसाला एक आकडा सांगता येत नाही म्हणजे कमाल आहे.

जहाज निघालं, एवढं मला कळलं. जहाजाचं नाव या वहीत लिहायचं नाही, अशी बाबाजींची ताकीद आहे. बाबाजी म्हणजे माझे सासरे, रघुनाथराव. वय त्र्याऐंशी. तरुणपणी नौदलाच्या एका स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, मेकॅनिक होते, आणि आज त्यांचा नातू त्याच स्क्वाड्रनमध्ये पायलट आहे. निवृत्त होऊन पन्नास वर्षं होत आली, तरी सौसरच्या या घरात ते अजून डेकवर असल्यासारखे वागतात. मी सत्तावीस वर्षं शाळेत इतिहास शिकवते, पण घरात माझा हुकूम चालत नाही.

मग अंकुर म्हणाला, "आबाजीले दे." आजोबांना तो आबाजी म्हणतो. बाबाजींना ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर लावला.

"आबाजी, सहा संत्री ठेवजा मायासाठी."

"हाव. सहा."

झालं. फोन बंद. मी जेवलास का, झोपलास का विचारत होते आणि पोराला स्वतःसाठीच्या संत्र्यांची पडली होती. राग आला. मग रडूही आलं. सीमेकडच्या बातम्या दोन दिवस टीव्हीवर चालूच आहेत. मला फार भीती वाटते आहे आणि हे कुणाला सांगायची सोय नाही, म्हणून ही वही.

२६ एप्रिल, शनिवार

बोरगावच्या वाटेवर आमचा संत्र्याचा लहानसा बगीचा आहे. मृग बहाराची शेवटची फळं झाडाच्या वरच्या फांद्यांना चुकूनमाकून राहिली होती. बाबाजी स्वतः गेले, सहा निवडून आणली, पंच्यानं पुसली आणि समोरच्या खोलीच्या सज्ज्यावर ओळीनं मांडली. सगळ्यांचे देठ एकाच बाजूला.

उन्हात! त्रेचाळीस डिग्री! मी उचलून माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवली. चहा होईपर्यंत ती परत सज्ज्यावर. म्हटलं, "बाबाजी, अंकुर येईपर्यंत सुकून खडखडीत होतील."

"होऊ दे. जागेवर राहू दे."

म्हातारपण, दुसरं काय. हे फोनवर म्हणाले, "बाबांच्या नादी लागू नकोस." हे म्हणजे मोरेश्वर, माझे यजमान. पांढुर्ण्याला सरकारी कचेरीत आहेत आणि त्यांची सुट्टी सध्या बंद आहे. घरात मी आणि बाबाजी. आणि टीव्ही.

३० एप्रिल, बुधवार

आज शाळेला उन्हाळी सुट्टी लागली. वर्गात तीस पोरं असली की भीती जरा दबून असायची. आता रिकाम्या घरात ती माझ्या मागे मागे फिरते. भांडी घासताना, गच्चीवर कपडे वाळत घालताना. फोन वाजला की दचकते आणि नाही वाजला तरी उचलून बघते.

मी मनाशी एक ठरवलं आहे. ज्या गोष्टीची भीती वाटते तिची नीट माहिती करून घ्यायची. समुद्र मी आयुष्यात दोनदा पाहिला. जहाजावरून विमान कसं उडतं, कसं उतरतं, काही माहीत नाही. उद्यापासून बाबाजींना विचारून स्क्वाड्रनचा इतिहास लिहून काढते. एवढी वर्षं मोहिमा आणि तहाची कलमं फळ्यावर लिहिली, हेही लिहीन.

२ मे, शुक्रवार

बाबाजी खुशीत आले. दोन तास बोलले. त्यांच्या शब्दांत जमेल तसं उतरवते.

जहाज आलं एकसष्टमध्ये. त्यावर दोन जातीची विमानं. सी हॉक, एका माणसाचं, जेट. आणि अलिझे, पंख्याचं, तिघांचं, पाणबुड्या शोधणारं. डेक म्हणजे धावपट्टीचा तुकडा. चढताना वाफेचं यंत्र विमानाला पुढे फेकतं. उतरताना विमानाच्या शेपटीचा आकडा डेकवरच्या दोरखंडात अडकला पाहिजे. नाही अडकला तर लगेच परत उडायचं.

"आणि परत उडता नाही आलं तर?" मी विचारलं.

"पुढचं लिही," बाबाजी म्हणाले.

"स्क्वाड्रन जहाजाची नसते, सूनबाई. थे पाहुणी असते. तिचं घर जमिनीवर. जहाज समुद्रात गेलं का मागून विमानं येऊन उतरतात. अन् जहाज बंदरात शिरायच्या आधी सगळी उडून आपल्या घरी जातात. बंदरात उभ्या जहाजावरून उडता येत नाही ना." लिहिलं.

"एखादं विमान बिघडलं, तर त्याले लिफ्टनं खाली हँगरात नेतात. जहाजाच्या पोटात. थे उडत नाही, जहाजासंगच घरी येते." हेही लिहिलं.

मग एकाहत्तर. पूर्वेकडचा समुद्र, कॉक्स बाजार, चितगाव. सी हॉक गेली, तोफांची भोकं घेऊन आली, पण आली. अठ्ठ्याहत्तरच्या आसपास सी हॉक निवृत्त झाली. नंतर त्याच स्क्वाड्रनला सी हॅरियर मिळाली, ती जागच्या जागी उभी उतरायची. आता अंकुरची मिग. विमानं दोनदा बदलली, स्क्वाड्रनचं नाव तेच राहिलं.

"डेकवर खरं काम एकच," शेवटी म्हणाले. "गेली किती, आली किती. बाकी सगळं त्याच्यानंतर."

माझ्या एक लक्षात आलं. सगळ्या गोष्टी परत आलेल्यांच्या. मी म्हटलं, "आणि न आलेली?" त्यांनी सज्ज्याकडे पाहिलं आणि ऐकू न आल्यासारखं केलं. सोयीचं बहिरेपण आहे.

७ मे, बुधवार

पहाटेच हल्ले झाले म्हणे. सगळीकडे तेच. कुठल्या जहाजाचं काय, कुणी सांगत नाही, आणि टीव्हीवाले जे सांगतात त्यावर विश्वास ठेवावा तर वेड लागेल. एकानं म्हटलं जहाज अमुक बंदराजवळ, दुसऱ्यानं म्हटलं तमुक.

आज मी बाबाजींना बोलू नये ते बोलले. त्यांनी टीव्ही बंद केला म्हणून भडकले. म्हटलं, "तुमच्याच गोष्टी ऐकून माझा पोरगा गेला. पाच वर्षांचा असल्यापासून मांडीवर घेऊन सी हॉक, सी हॉक. तुम्हाला काय, तुम्ही येऊन बसलात सुखरूप. स्वतःच्या मुलाला कचेरीत चिकटवलंत आणि माझ्या मुलाला समुद्रात धाडलंत."

ते वळले. सज्ज्याशी गेले, संत्र्यांवरून बोट फिरवत पुटपुटले, एक ते सहा. आणि बसले खुर्चीवर पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेला तोंड करून. एवढा निर्विकार माणूस मी पाहिला नाही. घरात भीती वाटणारी मी एकटीच आहे.

९ मे, शुक्रवार

पूनम आली पांढुर्ण्याहून. माझ्या नणंदेची मुलगी, सातवा महिना. तिच्या येण्यानं घर जरा हललं. बाबाजी तेव्हा दाढी करायला बाहेर गेले होते. पूनम सज्ज्याकडे बघून म्हणाली, "मामी, थे संत्र! किती दिवसांपासून मन होऊन राहिलं मायं. बाजारात कुठंच नाही."

पोटुशी बाई तोंडानं मागते आहे आणि आपण नाही म्हणायचं, हे आमच्याकडे होत नाही. सुकलेलंच होतं, पण तिनं सालीसकट वास घेत घेत खाल्लं. अंकुर काही मोजायला बसणार नव्हता.

बाबाजी आले. सज्ज्यापाशी थबकले. बोट फिरवलं. परत फिरवलं.

"सूनबाई, पाच हायेत."

"एक पूनमला दिलं. डोहाळे लागलेत तिला."

त्यांचा चेहरा चुना लावल्यासारखा पांढरा झाला. पूनमकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं. तिला काय बोलणार? "खाल्लं ते बरं केलं, बाई," एवढंच म्हणाले आणि भिंत धरून खाली बसले. मला वाटलं ऊन लागलं. कांद्याचा रस लावला, पन्हं दिलं. घेतलं नाही. म्हटलं, "बाबाजी, नागपूरहून मागवू का एक? कोल्ड स्टोरेजमध्ये मिळतात."

"दुसरं आणून काय होते?"

एका संत्र्यासाठी एवढं! मला खरंच कीव आली त्यांची.

१० मे, शनिवार

संध्याकाळी युद्ध थांबल्याची बातमी आली. गल्लीत फटाके वाजले. शेजारच्या प्रेमलताबाई पेढे घेऊन आल्या. मी फोन हातात घेऊन बसले होते. आला नाही.

बाबाजी जेवले नाहीत. काल रात्रीपासून नुसतं ताक.

१३ मे, मंगळवार

सकाळी बाबाजी घरात नव्हते. काठी नाही, चपला नाहीत. बगीच्यातल्या माणसाला फोन केला, तिथे नाहीत. नको नको ते मनात आलं. शेवटी ऑटोवाला जयवंता म्हणाला, "जामसांवलीले सोडलं मी त्याईले."

मंगळवार, जामसांवलीच्या मारुतीच्या देवळात मुंगीला जागा नव्हती. निजलेल्या मारुतीसमोर रांगेच्या बाजूला, खांबाला टेकून बसले होते. घामानं भिजलेले, ओठ सुकलेले. त्र्याऐंशी वर्षांचा माणूस या उन्हात! मी ओरडलेच. मग शेजारी बसले. विचारलं, "काय मागितलं?"

"मागितलं नाही. एक गोष्ट कबूल केली."

"काय?"

"त्याले माहीत हाय."

येताना ऑटोत त्यांचा हात माझ्या हातात होता. थंडगार होता, एवढ्या उन्हात.

१७ मे, शनिवार, सकाळ

साडेनऊला शिवानीचा फोन. अंकुरच्या मित्राची बायको, तिकडेच स्क्वाड्रनच्या तळाजवळ राहते. रडत होती की हसत होती, कळेना. "काकू, विमानं आली! आत्ता आमच्या घरावरून गेली. मी गच्चीवरून मोजली, पाच."

"पाचच?"

ती म्हणाली, "जाताना सहा गेली होती. काकू, ह्यांचाही फोन अजून बंद आहे. तुम्हाला अंकुरचा आला का?"

सहा.

मी सज्ज्याकडे वळले. पाच संत्री. सगळ्यांचे देठ एकाच बाजूला. पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्ये रिकामी जागा. त्यांनी ती जागा तशीच ठेवली होती, उरलेली सरकवून घेतली नव्हती.

आता मला कळलं सहा संत्री ठेवजा म्हणजे काय. माझ्या हातांनी उचललं मी ते. माझ्या हातांनी.

दुपारी बारा

शिवानीचा मेसेज आला, "हे आले!!" त्यापुढे फुलं. मी सात वेळा फोन केला, उचलत नाही. तिला कळलं असणार, म्हणूनच उचलत नाही. कसं सांगावं हे तिला सुचत नसेल.

यांना कळवलं. पांढुर्ण्याहून निघाले आहेत. बाबाजींना काही सांगितलं नाही, पण त्यांनी शिवानीचा फोन ऐकला आहे. स्पीकर चालूच होता.

दुपारी चार

टीव्हीवर दाखवलं. जहाज बंदरात शिरताना. पांढऱ्या गणवेशातली मुलं कडेनं ओळीत उभी, बँड वाजतो आहे, बायका झेंडे हलवताहेत. मी स्क्रीनला नाक लावून शोधलं. जे पाच उडाले त्यांत तो नसेल तर त्याचं विमान डेकवर हवं. डेक या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामं. एकही विमान नाही. चकचकीत, धुतल्यासारखं.

पाच घरी आली. डेकवर एकही नाही. वजाबाकी पहिलीतल्या पोरालाही येते.

मी बाबाजींचे खांदे धरले. "बाबाजी, बोला काही. तुम्ही तिथे राहिलात. सहावं कुठे असेल? कुठे असू शकतं? एक शब्द बोला." त्यांचे ओठ हलले. काहीतरी होतं त्यांच्या तोंडात, मी शपथेवर सांगते, होतं. पण म्हणाले, "मले काही माहीत नाही, सूनबाई." आणि भिंतीकडे तोंड केलं.

मी त्यांना कधी माफ करणार नाही. हे लिहून ठेवते.

१७ मे, संध्याकाळ

अक्षर कसंही येऊ दे.

पाच वाजून चाळीस मिनिटांनी अनोळखी नंबर आला. मला उचलवेना. हे तोवर पोचले होते, यांनी उचलला. पलीकडून, "बाबा, मी. माया फोन चार्ज नाही, मित्राचा घेतला."

मी काय बोलले ते आठवत नाही. शिव्याही दिल्या असाव्यात, कारण हे बघत राहिले. अंकुर म्हणत होता, "आई, ऐक तर. निघायच्या दिवशी माया विमानाचं इंजिन नाटक करून राहिलं होतं. उडू नाही दिलं मले. लिफ्टनं खाली नेलं. मी जहाजानंच आलो. काऊन रडून राहिली तू? आबाजीनं सांगितलं नाही काय तुले, बिघडलं का खाली ठेवतात म्हणून?"

सांगितलं होतं. याच वहीत, माझ्याच अक्षरात आहे. बंदरात शिरताना डेक रिकामंच असतं, हेही आहे. दोन मे, शुक्रवार. मी लिहून घेतलं आणि मोकळी झाले.

"आबाजीले दे," तो म्हणाला.

बाबाजी भिंतीशीच होते. फोन त्यांच्या कानाशी धरला.

"आबाजी, सहा."

"खाली होतं काय?" त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

"हाव आबाजी. खाली होतं."

बाबाजी रडले. लग्न होऊन मी या घरात आले त्याला तीस वर्षं झाली, सासूबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तोंडावर पंचा धरून, लहान मुलासारखे, मोठ्यानं. "खाली होतं. खाली होतं वो, सूनबाई." पुन्हा पुन्हा तेच. मला वाटलं, आनंदानं.

१८ मे, रविवार

सकाळी मी विचारलं, "काल तुम्हाला माहीत होतं. हँगरात असू शकतं, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. मग का नाही बोललात? माझा जीव जात होता."

चहा फुंकून दोन घोट घेतले. मग सांगितलं, तसंच उतरवते.

"पासष्ट साल असंल. आठ गेली, सात आली. आठव्यात माये साहेब होते. पट्टे मी बांधले होते त्याईचे. शोधाशोध झाली, काही नाही सापडलं. सात विमानं घरी उडून गेली अन् आम्ही जहाजानं बंदरात आलो. जेट्टीवर त्याईची बायको उभी होती. कोणी सांगितलं नव्हतं तिले. साहेब लोक अजून उतरायचे होते. तिनं मलेच विचारलं, भय्या, सातच आली, यांचं विमान कुठं हाय? तेवीस वर्षांचा होतो मी. मायी हिंमत नाही झाली. मी म्हटलं, खाली हाय, हँगरात. अन् निघून गेलो.

"थे बाई हसली, सूनबाई. मले धन्यवाद म्हणे. अन् दोन तास जेट्टीवर उभी राहिली, त्याईची वाट पाहत."

त्यांच्या हातातला कप मी काढून खाली ठेवला.

"काल तू खांदे धरले माये, तवा जिभेवर तेच होतं. खाली असंल. खरंही असू शकत होतं. पण पुन्हा कोण्या बाईले थे सांगायचं नाही, असं मी मारुतीले कबूल करून आलो होतो."

म्हणजे हा माणूस साठ वर्षं घाबरलेला आहे आणि मी सात तारखेला त्यांना काय काय बोलले. ते पान फाडणार होते, पण राहू देते. 'कधी माफ करणार नाही' तेही राहू देते, त्याच्याखाली आज सही केली आहे, चूक कबूल म्हणून.

दुपारी पूनमचा फोन आला. बाबाजींनी तिला सगळं सांगितलं आणि वर म्हणाले, "तुया पोटात गेलं ना, बाई, तसंच थे जहाजाच्या पोटात गेलं होतं. मीच येडा, हरवलं समजत होतो." आणि हसले. तुरीचं वरण आणि दोन पोळ्या जेवले. सज्ज्यावरची पाच संत्री खडखडीत झाली आहेत. बाबाजी ती बगीच्यात पुरून आले.

१२ जून, गुरुवार

अंकुरचा फोन. "आई, काही दिवस फोन लागणार नाही."

या वेळी किती दिवस हे मी विचारलं नाही. म्हटलं, "आबाजींना देते."

"नको, तुलेच सांगतो. संत्री तर आता नसतील. आठ लिंबं ठेवजो."

हा आकडा आजवर मला कधी मिळाला नव्हता, आणि मिळाल्यावर तो नको वाटला. तरी म्हणाले, "हाव. आठ."

बाजारात जाऊन टणक पाहून आठ लिंबं आणली, पंच्यानं पुसली. पूनमला आधीच वेगळी पिशवी भरून धाडली. सज्ज्यावर ओळ मांडली, देठ एका बाजूला. बाबाजींनी बोट फिरवून मोजली. मग मी मोजली. मग आम्ही दोघं खुर्च्या घेऊन पश्चिमेकडे तोंड करून बसलो.

हे कचेरीतून आले, घामाघूम. लिंबं पाहून म्हणाले, "वा, सरबत कर बरं."

मी आणि बाबाजी एकदमच ओरडलो, "हात लावायचा नाही!"